मागच्या पायांचा मान

कला हीच शाश्वत सामाजिक आणि आर्थिक विकासाची गंगोत्री होय.

हे वाक्य माझं नाही. ते दहा बाय सहाच्या फ्लेक्सवर छापून आमच्या माळढवला आलं, कार्यक्रम संपेपर्यंत चावडीसमोर टांगलेलं होतं आणि सध्या उकंडा सुताराच्या सोयाबीनच्या कुटारावर, म्हणजे भुशावर, पांघरलेलं आहे. मागं अवकाळी आला तेव्हा गावातल्या सगळ्यांचं कुटार भिजलं, उकंडाचं कोरडं राहिलं. गंगोत्रीतून एक थेंब खाली गळला नाही. कलेचा हा पहिला मोजता येण्याजोगा फायदा. तो अहवालात नाही, कारण अहवाल पावसाच्या आधीच रवाना झाला होता.

फ्लेक्स आणला तो नागपूरच्या एका संस्थेनं. लुप्त होत चाललेल्या लोककला पुन्हा उभ्या करायच्या आणि त्यामुळे गावाचा किती विकास झाला ते मोजायचं, असं त्यांचं काम होतं. मोजायला उर्वशी मॅडम आल्या. वय सव्वीस-सत्तावीस, पाठीला पिशवी, हातात टॅब, स्वभावानं चांगल्या. चावडीवर बसून त्यांनी विचारलं की तुमच्याकडे लुप्त होत चाललेलं काय आहे. लोकांनी विचार केला. होत चाललेलं पाहिजे की झालेलं, असं एकानं विचारून घेतलं. मग सगळ्यांच्या तोंडून एकदमच निघालं, हत्ती.

माळढव हे दिग्रसहून दारव्ह्याकडे जाताना डाव्या हाताला आत आहे. जीपवाल्याला नुसतं माळढव सांगितलं तर तो दोनदा विचारतो. हत्तीचं माळढव म्हटलं की मुकाट्यानं उतरवतो. दिवाळीनंतर आमच्याकडे दंडार होते. दंडार म्हणजे ढोलकी, टिपऱ्या, नाच, सोंगं आणि मधेमधे सरपंचाला टोमणे. आसपासच्या गावांत राक्षस निघतो, अस्वल निघतं. आमच्याकडे हत्ती. बांबूच्या कमच्यांचा सांगाडा, त्यावर शिवलेली पोती, दोन मोठ्या सुपांचे कान, सोंड म्हणून तुषार सिंचनाचा जुना पाइप आणि अंबाडीच्या सुतळीची शेपूट. आत दोन माणसं. एक पुढचे पाय, एक मागचे.

पुढचे पाय मारोतीच्या घराकडे आणि मागचे सदाशिवरावांच्या घराकडे, असं चार पिढ्या चालत आलेलं. पुढच्यानं सोंड हलवायची आणि कान पसरायचे. मागच्यानं पुढच्याच्या कमरेचा शेला धरून वाकून चालायचं, शेपूट हलवायची आणि आपण कुठं चाललो हे विचारायचं नाही. बाहेरच्या माणसाला यात मान काय ते कळत नाही. पण सदाशिवराव एकेकाळी सरपंच होते, मग सोसायटीचे अध्यक्ष होते. दोन्ही पदं त्यांनी सोडली. शेपूट सोडली नव्हती.

तरीही तीन वर्षं हत्ती निघाला नव्हता, कारण पुढचे पाय मागच्या पायांशी बोलत नव्हते.

भांडण पांदणीचं. पांदण म्हणजे वावरात जायची गाडीवाट. ती सदाशिवरावांच्या वावराच्या कडेनं जाते आणि पलीकडे मारोतीच्या पाच एकरांत संपते. वाटेला एक वळण आहे. त्या वळणावर मारोतीचे बैल दरसाली सदाशिवरावांच्या तुरीत थोडे थोडे घुसायचे. पहिल्या वर्षी तुरीची एक ओळ गेली, दुसऱ्या वर्षी दुसरी. सदाशिवरावांनी आधी समजावलं, मग शिव्या दिल्या, मग वाटेवर आडवं सात तारांचं कुंपण ठोकलं आणि वर बाभळीचे काटे टाकले. वाट माझ्या सातबाऱ्यात आहे, असं त्यांचं म्हणणं. मारोतीनं अर्ज केला. अर्जाला तारीख मिळाली, तारखेला दुसरी तारीख मिळाली. तारखांचं पीक चांगलं आलं.

मधल्या काळात कापूस कुठून यायचा? तर मथुराबाईच्या डोक्यावरून. मारोतीची बायको वेचलेल्या कापसाची गाठोडी डोक्यावर घेऊन नाल्यात उतरायची, चिखलातून चढायची आणि दीड किलोमीटर चालून सडकेला लागायची. दिवसाला पाच खेपा. दुसऱ्या वर्षी तिचा उजवा गुडघा वाजायला लागला, तिसऱ्या वर्षी वळायचा बंद झाला. मग मारोतीनं ठरवलं की वावर विकायचं. दिग्रसचा एक व्यापारी माघ महिन्यात इसार द्यायला येणार होता. मथुराबाईनं नाही म्हटलं. त्या वावरातली विहीर दोघांनी लग्नानंतरच्या पहिल्या दोन उन्हाळ्यांत स्वतः खणली होती. पण नाही म्हणून गुडघा वळत नाही, हे तिलाही समजत होतं. म्हणजे वाट मोकळी झाली तर वावर राहणार आणि नाही झाली तर माघात जाणार, एवढा साधा हिशेब होता आणि तो सगळ्या गावाला पाठ होता.

अशा गावात उर्वशी मॅडमनी हत्तीची तारीख लावली.

अर्धा हत्ती काढून चालेल का, असं आधी विचारून झालं. मॅडमच्या टॅबमध्ये तशी सोय नव्हती. मग तांड्यावरचा किसनसिंग पुढे आला. त्यानं भर चावडीवर सांगितलं की सदाशिवरावांची कंबर आता पहिल्यासारखी राहिली नाही, एवढे मागचे पाय आमच्या तांड्याकडे देऊन टाका, आम्ही सांभाळू. सदाशिवराव तिथंच बसले होते. ते उठले, धोतर झटकलं, सरळ उकंडाच्या घरी गेले आणि तालीम किती वाजता आहे ते विचारलं.

मारोती तयार नव्हता. त्याला मथुराबाईनं एवढंच सांगितलं की सातबारा दोघांच्या नावावर आहे, आणि जो माणूस हत्तीत जाणार नाही त्याच्या कागदावर मी अंगठा देणार नाही. आता वावर विकायचं तर अंगठा पाहिजे आणि अंगठा पाहिजे तर सदाशिवरावांबरोबर हत्तीत शिरायचं, या विचारात मारोती दोन दिवस होता. तिसऱ्या दिवशी तो पोत्यात शिरला.

तालमी शाळेच्या मैदानात झाल्या. उकंडा हा आमचा वाढई, म्हणजे सुतार. हत्तीही त्याचाच, ढोलकीही त्याचीच आणि दंडारीचा म्होरक्याही तोच. पुढचे पाय मागच्या पायांशी थेट बोलत नसल्यानं सगळा व्यवहार उकंडामार्फत व्हायचा. मारोती पोत्यातून सांगायचा की मागच्यांना म्हणावं उजवा पाय उचला. उकंडा चार पावलं मागं जाऊन पोत्यावर तोंड ठेवून तेच सांगायचा. सदाशिवराव म्हणायचे की पुढच्याला म्हणावं उचललेला आहे, तू चाल. उकंडा पुन्हा पुढं. एवढ्यात हत्ती तीन पायांवर उभा असायचा. पहिल्या आठवड्यात उकंडाचं वजन दोन किलो उतरलं. मॅडमनी ते आरोग्य या सदरात टाकलं.

त्यांनी आणखीही बरंच विचारलं. हत्तीपासून वार्षिक उत्पन्न किती? लोकांनी सांगितलं, नारळ. हत्तीची एक जुनी रीत आहे. हत्ती शिवारातल्या म्हसोबापासून उठतो आणि पांदणीनं गावात येऊन चावडीसमोर बसतो. एकदा उठला की तो मागं फिरत नाही आणि मधे कुठं बसत नाही. नाल्यातूनही जात नाही, कारण हत्तीचा पाय ओला झाला तर कापूस भिजतो. आणि सगळी वाट तो कान पसरून चालतो. ज्याच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, किंवा कुंपणाला कान लागला, त्यानं एक नारळ द्यायचा. लोक हसतात, नारळ फोडतात, खातात. मॅडमनी उत्पन्नाच्या रकान्यात नारळ लिहायचा प्रयत्न केला. त्या रकान्यात फक्त आकडा बसत होता, म्हणून शून्य लिहिलं.

या सगळ्या चौकशीत एक गोष्ट मात्र कुणी काढली नाही. म्हसोबा मारोतीच्या वावराला लागून आहे. तिथून गावात यायला पांदणीशिवाय दुसरी कोरडी वाट नाही. आणि पांदण बंद आहे. एवढं मोठं गाव, पण हे कुणाच्याच लक्षात आलं नाही. मी नंतर उकंडाला विचारलं. तो म्हणाला की त्याच्याही लक्षात आलं नाही. असं म्हणताना तो रंधा मारत होता आणि त्यानं मान वर केली नाही.

सदाशिवरावांनी तरी विचार करायचा होता. पण त्यांच्या मते मारोती हा अर्धवट माणूस, तो म्हसोबापासून धुऱ्याधुऱ्यानं कुठूनतरी नेईल. आणि मागच्या पायांनी वाट विचारायची नसते.

ठरलेल्या दिवशी दुपार कलली तेव्हा हत्ती उठला. नाल्याच्या दगडांवरून कुणी उड्या मारत, कुणी दुसऱ्याचा हात धरून सगळं गाव म्हसोबाजवळ आलं होतं. तांड्यावरची माणसं होती, बौद्धपुऱ्यातला कपिल आणि त्याचा गायन-पार्टीचा संच होता. कपिलनं ढोलकीला हार्मोनियमची साथ धरली होती. उर्वशी मॅडम टॅब उंच धरून उलट्या चालत होत्या. पुढं टिपऱ्या, मागं हत्ती. तीन वर्षांनी निघाला होता, पण चाल विसरला नव्हता. मारोती सोंड अशी टाकत होता की लहान पोरांनी आयांच्या पदरात तोंडं घातली. मागं शेपूट अगदी तालात. वाटेतल्या दोन धुऱ्यांना कान लागला, दोन नारळ मिळाले.

मग वळण आलं आणि हत्ती थांबला.

टिपऱ्या थांबल्या. हार्मोनियम एक सूर धरून राहिलं आणि तेही विझलं. उकंडा तेवढा ढोलकीवर हलकी बोटं टाकत राहिला.

आतून, मागच्या बाजूनं आवाज आला. "उकंडा, पुढच्याले विचार, काहून थांबला?"

उकंडाला ढोलकीमुळे ऐकू आलं नाही. ढोलकी तर तोच वाजवत होता, पण नाही आलं.

हत्ती तसाच उभा. माणसं बांधावर बसायला लागली. बिड्या निघाल्या. वाकलेल्या माणसाला पाच मिनिटं म्हणजे फार होतात, आणि सदाशिवराव अठ्ठावन्नचे. शेवटी पोत्यातून दुसऱ्यांदा आवाज आला, आणि या खेपेला त्यात उकंडाचं नाव नव्हतं.

"मारोती, काहून थांबला बे?"

तीन वर्षांतले हे पहिले शब्द. मथुराबाई बांधावर बसली होती, ती उठून उभी राहिली. विमलताई, म्हणजे सदाशिवरावांच्या बायको, तिच्या शेजारीच होत्या. त्या मात्र बसूनच राहिल्या.

"समोर कुंपन हाय, भाऊ," पुढचे पाय म्हणाले.

"कोनाचं?"

मारोतीनं सोंड इकडून तिकडे फिरवली. "नाव नाई लिहिलं. सात तार हायेत. वरून बाभूय टाकली. काम पक्कं केलं बाप्पा, ज्यानं केलं त्यानं."

 शेपूट थांबली.

"मंग मागं फिरव," सदाशिवराव म्हणाले.

"हत्ती मागं फिरत नाई."

"बसव मंग."

"बसतही नाई. तुमालेच जास्त माहीत."

"मंग काय करतं?"

"उभं राहू. मी तं तीन वर्सांपासून इथंच उभा हावो. तुमी आज आले."

 हसावं की नाही हे कुणाचंच ठरत नव्हतं. उर्वशी मॅडमनी हळूच विचारलं की हा प्रवेश मूळ दंडारीत आहे का. कपिलनं सांगितलं की हा नवीन टाकलाय.

तेवढ्यात बिजलीबाई बोलली. बिजलीबाई तांड्यावरची सगळ्यात म्हातारी, ऐंशीच्या पुढची. कानाला जरा कमी, त्यामुळे ती बोलते ते सगळ्या शिवाराला ऐकू जातं. तिनं हत्तीच्या एका कानाच्या टोकापासून दुसऱ्या कानाच्या टोकापर्यंत काठी फिरवून दाखवली.

"तुमाले काय वाटते, हत्ती नाचाले निघते? हत्ती मोजाले निघते. कानापासून कानापर्यंत आठ फूट. भरली गाडी जाते तेवढं. पयले बी लोक नांगरतानी वाट दरसाली थोडी थोडी खातच होते. तोंडावर कोन सांगन? मानसानं सांगतलं तं भांडन. हत्तीनं सांगतलं तं नारळ."

 ज्यांच्या धुऱ्यांना मघाशी कान लागला होता ते दोघं आपापल्या पायांकडे पाहू लागले. चार पिढ्या आम्ही नारळ खाल्ला, आणि तो कशाचा हे एका म्हातारीनं सांगेपर्यंत कुणी विचारलं नव्हतं. आमच्याकडे प्रसादाची चौकशी करत नाहीत.

 मग सदाशिवरावांचा आवाज आला. तो आता खालच्या पट्टीत होता.

"तुये बैल माह्या तुरीत घुसते, मारोती. दोन ओयी गेल्या."

"घुसते," मारोती म्हणाला. "मी गाडीवर बसून राहतो. वयणावर उतरत नाई. तेवढी माही चूक हाय."

"उतरत जा न मंग."

"उतरतो. येसन धरतो हातात. वयणाले दगड मांडून देतो, चुना मारून. बैल दगडाच्या पल्याड गेला तं तुमी बैल बांधून घ्या."

"बैल घेऊन काय करू? मले चारा टाका लागन."

 सूर्य पळसाच्या शेंड्यापर्यंत खाली आला होता. विमलताईंनी उठून लुगडं झटकलं, हत्तीच्या मागच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या आणि पोत्याला उद्देशून विचारलं, "काय ते ठरवता, का इथंच भाकर आनून देऊ?"

"सहा फूट देतो," आतून सदाशिवराव म्हणाले.

उकंडाला आता ढोलकीतूनही ऐकू आलं. "कान आठ फूट हाय, भाऊ. कापू काय कान?"

"राहू दे," सदाशिवराव म्हणाले. "आठ. पन तार तोडू नका कोनी. सोडा आनि गुंडाळून ठेवा. तार कामाची हाय."

तार सोडायला पक्कड लागणार होती. ती कुठं मिळणार, अशी चर्चा सुरू व्हायच्या आत विमलताईंनी कमरेला खोचलेली पक्कड काढून किसनसिंगच्या हातात दिली. हत्ती पाहायला येताना त्यांनी बरोबर पक्कड का आणली होती, हे मी त्यांना विचारलं नाही. काही प्रश्न न विचारलेलेच बरे.

किसनसिंगनं सात तारा सोडल्या, काटे बाजूला ओढले. खांब काढायला वेळ लागला, कारण ते खरंच पक्के ठोकलेले होते. मग ढोलकी वाढली, कपिलनं पेटी उचलली आणि हत्ती कान पसरून वळणावरून गेला. कुठंही कान लागला नाही. दिवस मावळता मावळता तो चावडीसमोर बसला. पोत्यातून आधी मारोती निघाला. सदाशिवराव निघाले पण सरळ होईनात, तेव्हा मारोतीनं त्यांच्या पाठीवर हात ठेवून त्यांना हळूहळू उभं केलं.  म्हणायचं ते आत झालं होतं.

सदाशिवरावांनी त्या दिवशी सात नारळ दिले. दर तारेला एक.

पुढच्या आठवड्यात मारोतीची गाडी तीन वर्षांनी पांदणीत शिरली. वळणावर चुना मारलेले दगड होते आणि मारोती बैलाची वेसण धरून पायी चालत होता. वर कापसाच्या ढिगावर मथुराबाई बसली होती, उजवा पाय लांब करून. पाच खेपांचा माल एका खेपेत सडकेला लागला. दिग्रसच्या व्यापाऱ्याला तिनं निरोप पाठवला की वावर विकाऊ नाही, त्यातून हत्तीची वाट आहे. व्यापाऱ्यानं वकिलाला विचारलं म्हणतात. वकिलानं असा कायदा ऐकला नव्हता, पण नाही असंही म्हणाला नाही.

पंधरा दिवसांनी उर्वशी मॅडम शेवटची पाहणी करायला आल्या. सदाशिवरावांच्या ओट्यावर सतरंजी टाकली. सदाशिवराव, मारोती, उकंडा, मी आणि चहा. मॅडमच्या फॉर्ममध्ये परिणामांची मोठी यादी होती: रोजगार, बचत गट, पर्यटन, स्वच्छता. कुंपण नव्हतं. त्यांनी ते "इतर" मध्ये लिहिलं. "इतर" मध्ये चाळीस अक्षरं मावत होती, तेव्हा "हत्तीमुळे गाडी गेली" एवढंच राहिलं. त्यांना स्वतःलाच ते बरं वाटेना. त्यांनी नागपूरला संस्थेच्या साहेबांना फोन लावला आणि सगळी हकीकत सांगितली, वळण, काटे, बिजलीबाईचं बोलणं, सगळं. साहेब फार खूश झाले. त्यांचा आवाज फोनमधून ओट्यावर सगळ्यांना ऐकू येत होता. ते म्हणाले की हे देशापुढे गेलं पाहिजे, कलेनं माणूस जोडला जातो याचं याहून मोठं उदाहरण नाही, आणि त्या ज्येष्ठ कलावंतांना विचारा की पुढच्या काळासाठी त्यांची अपेक्षा काय आहे. मानधन, सभागृह, पेन्शन, जे असेल ते त्यांच्याच शब्दांत घ्या. एक शब्द बदलू नका.

मॅडमनी टॅब सदाशिवरावांच्या समोर धरला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं.

सदाशिवरावांनी कप खाली ठेवला. धोतर नीट केलं. चार पिढ्यांचा मान असलेला माणूस, घाईनं बोलत नाही. पेन्शनचा विषय निघेल म्हणून उकंडा पुढं सरकून बसला.

"संस्थेकून काई नको," सदाशिवराव म्हणाले. "सगळं देवानं देल्लं." मग ते मारोतीकडे वळले. "पन मारोती, तुले एक विनंती हाय. हत्तीच्या दिवशी सकायी मुळा खात नको जाऊ. मी मागं असतो."